सात शेजारी

“झूरा? मग बातमा कुठंय?” साम्साच्या टपरीवरची नवी पोरगी हसून म्हणाली. तिनं नाव विचारलं होतं ते भट्टीतून मांस भरलेला साम्सा निघाला की हाक मारता यावी म्हणून. यात तिचा काही दोष नव्हता. किरगिझ मुलखात जुळ्या मुली झाल्या की पहिली बातमा आणि दुसरी झूरा, हे ठरलेलंच. एक नाव कानावर पडलं की लोकांच्या जिभेवर दुसरं आपसूक येतं. या प्रश्नाला झूरा इतकी वर्षं एकच उत्तर देत आली होती. रशियात असते, कामाला. अर्धा देश रशियात कामाला आहे, त्यामुळं पुढं कोणी खोदत बसत नाही. पैसे पाठवते का, एवढं विचारून मोकळे होतात. आज तिनं तोंड उघडलं आणि ते ठेवणीतलं उत्तर आलंच नाही. मागं दोन माणसं ताटकळत होती. “नाहीये,” ती म्हणाली. “म्हणजे?” “म्हणजे नाहीये. साम्सा दे.” पोरीचं हसू जागच्या जागी राहिलं, आणि कागदात गुंडाळलेला साम्सा घेऊन झूरा रस्त्याला लागली. पहिल्याच घासाला आतली चरबी जिभेवर चटका देऊन गेली. फुटपाथलगतच्या चारीला या वर्षीचं पहिलं पाणी सोडलं होतं. ते पाणी हिवाळ्यातली काजळी, पानं, सिगारेटची थोटकं सगळं पुढ्यात घालून ढकलत चाललं होतं. बिश्केकवर अजून कोळशाच्या धुराची गोधडी होती, दक्षिणेचे डोंगर दिसत नव्हते. डोंगर दिसत नसले की तिला उगीचच वाटायचं, की ते आपल्या मागं येऊन उभे आहेत.

ऑफिसात शिरताना जिभेवरचा चटका तसाच होता. तिलेक तिच्या आधीच येऊन बसला होता. तिलेक म्हणजे तिच्या हाताखालचा प्रोग्रामर, उत्तरेकडचा, चहात तीन चमचे साखर घालणारा आणि जगात कशाचंच ओझं न वाटणारा. “झूरा एजे, तुमच्या गावाचा निकाल लागला,” त्यानं खुर्ची तिच्याकडं वळवली; वयानं मोठ्या बाईला एजे, म्हणजे ताई, म्हणायची तिकडची रीत. “शंभर टक्के हिरवा. सातपैकी सात. बोर्सोक तळून आणा आता.” गाव म्हणजे कारा-तोपो, दक्षिणेतल्या उझ्गेनच्या वरच्या अंगाला, काळ्या चिकणमातीच्या उतारांखाली. दर वसंतात बर्फ वितळलं की हे उतार फुगतात, आणि त्यातला एखादा पाण्यानं इतका जड होतो की आपलं अंग सोडून देतो. कोणता सोडणार, हे आधी सांगता यावं म्हणून झूरानं हा प्रोग्राम लिहिला होता. कोणत्याही विद्यापीठानं तो तिला शिकवला नव्हता. भाड्याच्या खोलीत, रशियन पुस्तकांच्या चुरगळलेल्या झेरॉक्स वाचून, रडत-शिव्या देत ती शिकली होती. आणि तो होता साधा. आज उतारावरची भेग किती रुंद, माती किती ओली, खालचं पाणी किती वर आलंय, एवढे आकडे घ्यायचे. मग चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या नोंदींमध्ये या आकड्यांच्या सर्वांत जवळ असलेले सात शेजारी शोधायचे. त्या शेजाऱ्यांचं पुढं काय झालं? टिकले की कोसळले? सातांत ज्यांची बाजू मोठी, तो निकाल: टिकलेल्यांची तर हिरवा, कोसळलेल्यांची तर लाल. माणसं तरी दुसरं काय करतात? समोरचा कोण, कसला, हे ठरवताना आजूबाजूच्यांकडंच बघतात ना?

पण शंभर टक्के? झूरानं अंगातला कोटही काढला नाही. डोंगर कधी शंभर टक्के बोलत नाही. डोंगर आढेवेढे घेतो, कण्हतो, एका कुशीचा दुसऱ्या कुशीला होतो. तिनं ते सात शेजारी स्क्रीनवर मांडले. सातही टिकलेले. भेग तीच, ओल तीच, पाणी तेच. आजच्या उतारापासून प्रत्येकाचं अंतर एकच, दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत. मग तिनं त्या सातांचं एकमेकांपासूनचं अंतर मोजायला लावलं. शून्य. शून्य. शून्य. सगळ्या चौकोनात शून्यच. हे सात शेजारी नव्हते. हा एकच शेजारी सात खुर्च्या अडवून बसला होता. “यांच्यासारख्या अजून किती आहेत रे?” तिनं विचारलं. तिलेकनं शोधलं, शीळ घातली. “लय आहेत एजे. अख्खा पट्टा. एकाखाली एक, सगळ्या सारख्या. कोणीतरी टायपिंग करताना झोपलं वाटतं, बोट बटणावर ठेवून.” आणि हसला.

झूरा हसली नाही. सारख्या. हा शब्द लहानपणापासून तिच्या अंगाला चिकटलेला होता, धुऊन न निघणाऱ्या चिकासारखा. दोघी इतक्या सारख्या, की शाळेतल्या बाई एकीला प्रश्न विचारायच्या आणि मार्क दोघींना द्यायच्या. एकीनं खोडी काढली की छडीही दोघींना. आईनं बातमाच्या मनगटाला लाल दोरा बांधला होता, तरी दोघी तो दोरा अदलाबदल करायच्या आणि दिवसभर एकमेकींच्या नावानं वावरायच्या, आणि कोणाला पत्ता लागायचा नाही, याचं त्यांना काय ते वेडं सुख. पण झूराला ठाऊक होतं की त्या सारख्या नाहीत. बातमा झोपेत दात खायची. बातमाला मेंढीच्या शेपटीची चरबी आवडायची, झूराला शिसारी. बातमा अंधाराला भीत नव्हती, पाण्याला भ्यायची. हे कोण मोजणार? बाहेरून मोजणाऱ्याला दोन चेहरे एकावर एक बसलेले दिसायचे, अंतर शून्य. मग नऊ वर्षांच्या असताना बातमाला ताप आला, मान ताठ झाली, आणि रातोरात पडलेल्या अवकाळी बर्फानं रस्ता बंद झाल्यामुळं डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं. आणि मग त्या बायका आल्या. तोंडावर ओढण्या घेऊन, अंगणात आक्रोश करत, आणि आक्रोश झाल्यावर चहा पिताना त्यांच्यातली एक आईचा हात धरून म्हणाली, “अल्लानं एक तरी ठेवली बघ. तोंड तेच आहे.” तोंड तेच आहे! असलं बोलणाऱ्यांच्या तोंडात शेण कोंबावं, असं नऊ वर्षांच्या झूराला वाटलं होतं आणि अजून वाटतं. दोनातली एक गेली की एक उरते, हा हिशोब मेंढरांचा. पण आईनं तो हिशोब मनावर घेतला. ती महिनोन्‌महिने झूराकडं बघत राही, आणि झूराला कळे, की ही आपल्याकडं बघत नाहीये. मग एक दिवस आईनं तिला बातमा म्हणून हाक मारली, आणि झूरानं ओ दिली. काय करणार होती? ओ दिली. त्या दिवसापासून आपण कोणाची तरी नक्कल आहोत, असं तिला वाटत आलं. तिला दोन माणसांची जागा भरायची होती आणि ती धड एकाचीही भरत नव्हती.

“एजे, ऐकताय का? मी म्हणतो, एक ओळ लिहितो आणि सगळ्या दुबार नोंदी उडवतो. कशाला डोकं पिकवायचं?” तिलेकचे हात बटणांवर गेलेसुद्धा होते. ती थांब म्हणाली नाही, कारण तिचं मन त्या पट्ट्यातल्या पहिल्या नोंदीच्या वर्षावर अडकलं होतं. तेच वर्ष. तोच वसंत. गाव कारा-तोपो. तिथं रोज मोजला जाणारा उतार एकच, शाळेवरचा, आणि त्या काळात उतारांवर काठ्या रोवून भेगा मोजणारा, जिल्ह्यानं नेमलेला माणूस एकच होता. एर्गेश. तिचे बाबा. त्यांच्या मागून शाळेवरच्या उतारावर चढताना दोघींच्या बुटांना चिखल लागून बूट त्यांच्या डोक्याएवढे जड व्हायचे. बाबा काठीला हात लावून उभे राहायचे, एखाद्या म्हाताऱ्याची नाडी बघावी तसे, आणि मग आकडा मोठ्यानं म्हणायचे, आणि तो लक्षात ठेवायची पाळी एकदा हिची, एकदा तिची. मग बातमा गेली. अंगणात राखाडी लोकरी नमद्याचा तंबू उभा राहिला, आणि तंबूच्या दाराशी काठीवर ओणवे होऊन बाबा उभे राहिले. चाळिसावा होईपर्यंत माणसं येतात, लांबून लांबून, ज्यांना खबर उशिरा पोचते ती तर अगदी शेवटाला. वळणापासूनच ती रडत ओरडत येतात, आणि दाराशी घरचा पुरुष त्यांना गळ्याशी घ्यायला उभा असलाच पाहिजे. तो नसला तर मेलेल्याचा अपमान. येणारा उंबऱ्यावरून परत फिरेल आणि सात पिढ्या बोल लावील. मग त्या चाळीस दिवसांत शाळेवरच्या उतारावर कोण चढलं? झूराला तंबूचं दार दिसत होतं, त्यातले बाबांचे दोन बूट दिसत होते. कोरडे. त्या अख्ख्या वसंतात बाबांचे बूट कोरडे होते.

“झालं,” तिलेक म्हणाला. “आता चार टिकलेले, तीन कोसळलेले. शंभर टक्के नाही, पण हिरवाच. खूश?” झूरानं आकडे वरून खाली बघितले. पट्टा गेला होता, त्याची एकच नोंद राहिली होती, ते बरोबर. गावाच्या उरलेल्या नोंदींत मात्र एक खड्डा पडला होता. जितक्या ओळी जायला पाहिजे होत्या त्यापेक्षा एक जास्त गेली होती. तिनं उडालेल्या ओळी परत मागवल्या, आणि तळाशी ती सापडली. ‘कोसळला’ अशी खूण असलेली नोंद, आणि तिची जुळी. भेग तीच, ओल तीच, पाणी तेच, दिवस तोच. यंत्राला नावं पचत नाहीत म्हणून आकडे भरणाऱ्यांनी उतारांची नावं कधीच गाळून टाकली होती. त्यामुळं तिलेकच्या एका ओळीला दोन्ही सारख्या दिसल्या, तिनं एक ठेवली आणि एक पुसली. एगिझ! झूराच्या तोंडून मोठ्यानं निघालं. ओढ्याच्या अल्याड-पल्याड समोरासमोर उभे असलेले दोन उतार, एकाच मातीचे, एकाच उंचीचे, म्हणून गावानं त्यांना एगिझ म्हटलं, म्हणजे जुळे. बातमा गेल्यानंतर काही वर्षांनी ते दोन्ही एकाच पहाटे कोसळले. डावीकडच्याखाली शाकीरा एजेचं घर, ज्या शाकीरा एजेनं झूराला सूत कातायला शिकवलं. उजवीकडच्याखाली मधमाश्या पाळणारा जुमाली, त्याची बायको आणि म्हातारी आई. दोन घरं, दोन चुली. आणि या पोरानं, साखर ढवळत, एक घर पुसलं होतं. कोसळलेल्यांतला एक शेजारी कमी झाला, म्हणून कुठूनतरी लांबचा, टिकलेला, सातव्या खुर्चीवर येऊन बसला, आणि निकाल हिरवा झाला.

“परत ठेव तिला,” ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा चढलाय हे तिला तिलेकच्या चेहऱ्यावरून कळलं. “अहो पण ती दुबार आहे.” “दुबार नाही. ती जुळी आहे. ते चाळीस एकाच दिवसाची नक्कल आहेत. आणि हे दोन, दोन आहेत.” “आकडे तर सारखेच आहेत की!” “माझा आणि बातमाचाही चेहरा सारखाच होता, म्हणून काय ती मेलीच नाही, आम्ही कोणाला पुरलंच नाही?” तिलेकला यातलं काही कळलं नसावं. बातमा कोण, हे त्याला धड माहीत नव्हतं. रशियातली बहीण एवढंच. पण त्यानं मुकाट्यानं ती ओळ परत ठेवली. सातवा, लांबचा, टिकलेला शेजारी ढकलला जाऊन बाहेर पडला. चार कोसळलेले. तीन टिकलेले. गावाचं नाव लाल झालं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, आणि ती होत नव्हती.

वेनेरा एजे आतल्या खोलीतून सिगारेटचा वास घेऊनच बाहेर आल्या. ऑफिसच्या प्रमुख, सोव्हिएत काळात दगड फोडत डोंगर हिंडलेल्या बाई, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. दुपारच्या आत निकाल जिल्ह्याजिल्ह्याला जायचे होते. हिरव्यांना ‘घरी राहा’, लालांना ‘उठा’. “काय गोंधळ आहे? मघाशी शंभर टक्के होता ना कारा-तोपो?” झूरानं सांगितलं. चाळीस नकला, एगिझ, सगळं. वेनेरा एजेनं चष्मा डोक्यावर सारला. “चार-तीन,” त्या म्हणाल्या. “अगं, एका ओळीवर मी गाव उठवू? मेंढ्या विताहेत या दिवसांत, बर्फ उतरलेलं नाही वरच्या कुरणातलं. उद्या डोंगर नाही हलला तर गव्हर्नर माझी पाठ सोलून काढेल. चार-तीन म्हणजे काय निकाल आहे? नाणं उडवल्यासारखं.” “शंभर टक्के होता तेव्हा नाण्याची आठवण कोणाला झाली नाही,” झूरा म्हणाली. “तेव्हा आपण एकाच शेजाऱ्याला सात वेळा विचारत होतो आणि तो सात वेळा तेच सांगत होता, आणि आपण म्हणत होतो, बघा, सगळ्यांचं एकमत आहे!” “तोंड सांभाळून.” “नाही सांभाळत. ज्यांच्या घरावर तो उतार आहे ती माझी माणसं आहेत.” “म्हणूनच सांभाळ. गव्हर्नर हेच म्हणेल, तिची माणसं आहेत म्हणून तिनं आकडे वाकवले. त्या नकला आहेत कशावरून? डोंगर चाळीस दिवस गप्प बसला नसेल कशावरून? आणि ते दोन उतार खरंच दोन कशावरून?” वेनेरा एजेचा प्रश्न रास्त होता, आणि तो रास्त होता म्हणूनच झूराला त्यांचा राग आला. कारण उत्तर एकाच माणसाकडं होतं, आणि त्या माणसाशी गेल्या इतक्या वर्षांत, सणाला, लग्नाला, आईच्या आजारपणात, सगळं बोलून झालं होतं. फक्त त्या वसंताबद्दल एक अक्षर नाही. त्या घरात ते नाव कोणी घेत नव्हतं. आईनं घेतलं होतं ते चुकून, झूराला हाक मारताना.

तिनं सगळ्यांसमोरच फोन लावला, आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. आधी वाऱ्याचा आवाज, मग मेंढरं, मग बाबा. “बोल बेटा! तुझ्या यंत्रानं हिरवा दिला म्हणे, जिल्ह्यातल्या पोरानं आत्ताच सांगितलं. मी सगळ्यांना परत घरी पाठवलं. सकाळपासून गावाबाहेर घाबरून बसले होते, म्हटलं, जा रे, माझ्या मुलीचं यंत्र आहे, ते खोटं बोलायचं नाही.” जिल्ह्याच्या कागदावर अजून सही व्हायची होती, आणि निकाल तोंडोतोंडी आधीच गावात पोचलासुद्धा. “बाबा,” ती म्हणाली, “बातमा गेली त्या वसंतात तुम्ही शाळेवरच्या उतारावर चढला होता का?” तिलेकनं मान खाली घातली. वेनेरा एजेनं सिगारेट तोंडात धरली होती, ती पेटवायची विसरल्या. “कोण चढणार होतं?” बाबा शेवटी म्हणाले, आणि आवाज एकदम म्हातारा झाला. “दारात माणसं होती. दार सोडून जाता येतं का?” “मग आकडे?” “आकडे द्यावेच लागायचे. रिकामे रकाने पाठवले तर जिल्ह्याचा तो टकल्या कागद तोंडावर फेकायचा, म्हणायचा, नोकरी नको का एर्गेश? त्याला काय सांगायचं, माझी पोरगी गेलीय म्हणून डोंगर मोजला नाही? डोंगराला काय त्याचं? म्हणून ती जायच्या आदल्या दिवशी जो मोजला होता, तोच लिहिला.” “रोज?” “रोज. चाळिसावा होईपर्यंत. पुढं वर गेलो तर वरच्या दोन काठ्या आडव्या पडलेल्या.” म्हणजे उतार हलला होता. त्या चाळीस दिवसांत तो हलला होता आणि कोणी बघितलं नव्हतं, आणि कागदावर तो एकाच दिवशी थिजून, गप्प उभा राहिला होता. ती जायच्या आदल्या दिवशी. त्या दिवसाचा आकडा कोणी लक्षात ठेवला होता, झूरानं की बातमानं? ताप त्या संध्याकाळी आला. म्हणजे दुपारी ती वर होती, चिखलाचे बूट घालून. झूराला एकदम कळलं, की बाबांनी चाळीस दिवस तो एकच दिवस लिहिला तो काही टकल्याच्या भीतीनं नाही, किंवा नुसत्या भीतीनं नाही. तो दिवस संपू नये म्हणून लिहिला. तिच्या डोळ्यांसमोर टेबलाची कड धूसर झाली, पण तिनं आवाज हलू दिला नाही. इथं रडायला वेळ नव्हता.

“आणि एगिझ, बाबा? दोन्हींचे आकडे सारखे कसे?” “सारखेच होते. माती एक, ऊन एक. डावीकडं काठी, उजवीकडं काठी, दोन्ही मी माझ्या हातानं मोजल्या, ओढा दोनदा ओलांडून, गुडघ्याएवढ्या पाण्यातून. का? कोण म्हणतं एक आहे? शाकीराला एका बाजूनं काढली, जुमालीला दुसऱ्या बाजूनं. मी दोन्हीकडं फावडं धरलंय. ज्याला एक वाटतं त्याला इकडं पाठव, मी दाखवतो.” त्यांच्या आवाजात जुना, ओळखीचा, घरभर ऐकू जाणारा राग परत आला होता, आणि तो ऐकून झूराला आत कुठंतरी ऊब वाटली. “बाबा, आता नीट ऐका. माझ्या यंत्रात तुमच्या त्या चाळीस दिवसांना चाळीस तोंडं फुटली होती, आणि ती सगळी सांगत होती की घरी राहा. ती बंद केली, आणि एगिझच्या दोघांना बोलू दिलं. आता निकाल लाल आहे. चार विरुद्ध तीन. मोठा नाही. पण लाल.” बाबा हळूच म्हणाले, “शाळेमागचा झरा कालपासून गढूळ येतोय. मी बघितलं होतं. पण म्हटलं, मुलीचं यंत्र जास्त शहाणं.” “काही शहाणं नाही ते. त्याला तुम्ही जे सांगता तेच ते सांगतं.” “मग मीच सांगतो त्याला,” बाबा म्हणाले, “उठलो म्हणून.” आणि फोन कटला, निरोप नाही, काही नाही, त्यांची ती पद्धतच.

वेनेरा एजेनं एवढ्या वेळानं सिगारेट पेटवली, एक झुरका मारला आणि खिडकीत विझवली. “तुझ्या बापासारखे अजून किती असतील गं?” त्या म्हणाल्या. “सगळ्या जिल्ह्यांत? कोणाचं लग्न, कोणाचा चाळिसावा, कोणी दारू पिऊन पडलेला. आणि ज्यांना आपण दुबार म्हणून उडवलं ते खरे दोघं?” “बरेच असतील. एकेकाला फोन करावा लागेल. ओळ बघून कळत नाही, माणसाला विचारावं लागतं.” “म्हणजे यंत्र बंद ठेवायचं?” “नाही. यंत्राला माणसं ओळखायला शिकवायचं. नावं परत घालायची, उतारांची. म्हणजे एका उताराला एकाच दिवशी एकच तोंड राहील. आणि जुळ्यांना दोन.” तिलेकनं मान वर केली. “एजे, नावं घालायला मी बसतो. मीच पुसलं ना.” तो आणखी काही म्हणणार होता, बहुतेक बातमाबद्दल, पण त्याला शब्द सापडले नाहीत, आणि झूराला ते न सापडणंच आवडलं. वेनेरा एजेनं कारा-तोपोच्या कागदावर लाल शिक्का मारला, सही केली, आणि स्वतःशीच पुटपुटल्या, “चार-तीन. गव्हर्नर माझी पाठ सोलणार.” मग चष्मा नाकावर ओढून म्हणाल्या, “सोलू दे. पाठ जाड आहे.”

दुपार कशी गेली ते झूराला आठवत नाही. ती फोन करत राहिली. कुठल्या कुठल्या गावांतल्या म्हाताऱ्यांना, त्यांच्या मुलांना, सुनांना, विचारत राहिली, त्या साली त्या महिन्यात तुम्ही वर गेला होता का, खरंच गेला होता का, रागावू नका, तुम्हाला कोणी काही करणार नाही. काहींनी शिव्या घातल्या, काहींनी हसून सांगितलं, काहीजण बोलता बोलता रडले, आणि प्रत्येकाच्या त्या सारख्या ओळींमागं काही ना काही घडलेलं निघालं. पण कान सगळा वेळ दुसऱ्याच फोनकडं. उन्हं कलताना तो वाजला. बाबांमागं इतके आवाज होते, की पहिल्यांदा तिला वाटलं उतार आला. पण ती माणसं होती. मेंढ्या, ट्रॅक्टर, कुत्री आणि माणसं, वरच्या कडेवर, वाऱ्यात. “सगळे वर आलोत,” बाबा ओरडून सांगत होते. “शाळेखालचं एकही घर राहिलं नाही. बर्फ आहे इथं, पण तंबू उभे राहताहेत. तुझी आई चूल पेटवतेय, मला शिव्या देत.” “आणि उतार?” “आहे की. बसलाय तसाच. आमच्याकडं बघतोय.” झूरा खुर्चीत मागं रेलली. “बाबा, पडला नाही तर?” “पडला नाही तर उन्हाळाभर आम्ही तुला शिव्या घालू!” बाबा म्हणाले, आणि मोठ्यानं हसले, कित्येक वर्षांत तिनं न ऐकलेलं हसू. “सगळेच्या सगळे. एकजण चुकायचा नाही.” “आत्ताच घालू दे,” झूरा म्हणाली. “एकेकाच्या हातात फोन द्या, बाबा. एकेकाच्या. मला सगळ्यांचे आवाज ऐकायचेत.”

आणि खरंच फोन त्या कडेवर हातोहात फिरायला लागला. आधी शाळेचे मास्तर आले, त्यांनी खडूची पेटी खाली राहिल्याचं गाऱ्हाणं मांडलं. मग एका सुनेनं, जिची आणि झूराची कधी ओळखही नव्हती, विचारलं की शहरातल्या लोकांना कळतं का, नुकतं व्यालेलं मेंढरू बर्फात चढवायचं म्हणजे काय असतं. कोणी नुसतं नाव सांगून फोन पुढं दिला. कोणी खोकलं. आई आली, आणि तिनं हाक मारली, अगदी स्पष्ट, “झूरा.” मग, “झूरा, बेटा, जेवलीस का?” आणि झूरानं झूरा म्हणूनच ओ दिली. शेवटी फोन गेला शेजारच्या म्हातारीकडं, जिला ऐकू कमी येतं म्हणून ती अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशी बोलते. “तूच का ती एर्गेशची? माझं पीठ भिजवून ठेवलं होतं मी सकाळी! फुगून भांड्याबाहेर आलं असेल आत्तापर्यंत, चुलीवर सांडलं असेल! कोण भरून देणार ते? तू?”

“मीच देणार, आजी,” झूरा तितक्याच मोठ्यानं ओरडली, आणि तिलेक दचकून वळून बघायला लागला. “मीच देणार.”